ऊन फार आहे

वैशाख शुद्ध द्वितीया, रात्र

उद्या आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, लेकींनी माहेरी जायचा सण. दुपारी पावणेदोनला भावाचा मेसेज आला. कूलरमध्ये पाणी टाकत होते, बादली तिथेच ठेवून वाचला. "ताई, ऊन फार आहे. यंदा नको येऊ. मांडे पाठवतो." एवढंच. खाली जोडलेले हात आणि एक आंबा.

यात रागवण्यासारखं काय आहे? ऊन फार आहेच. दोन दिवस झाले, जळगावात पारा 44 च्या खाली यायला तयार नाही. नळाचं पाणी रात्री आठलाही पोळतं. माझा गुडघा अख्ख्या भावकीला पाठ आहे. म्हणजे मेसेजमध्ये काळजीच आहे. तरी ती बादली मला चारला आठवली. तोवर कूलर नुसता गरम वारा फेकत होता, आणि हे उठून म्हणाले, "काय गं, भाजून काढायचा विचार आहे का आज?"

यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, बरोबरच आहे त्याचं.

बरोबरच आहे. दुपारपासून मी स्वतःला तेच सांगतेय आणि तरी घशाशी काहीतरी अडकलंय. पितरांच्या घागरीचा विषय मी काढणार नाही. यंदा पाटावर एकाऐवजी दोन घागरी असतील, त्या तो भरेल, आगारी, म्हणजे पितरांचा घास विस्तवात, तीही तोच टाकेल, ते त्याचंच काम आहे. घागरीवर ठेवायचं डांगर, म्हणजे खरबूज, नीट पिकलेलं बघून घे एवढंच सांगायचं होतं, तेही राहिलं. असो.

संध्याकाळी भाजी घ्यायला निघाले तर कोपऱ्यावर मातीच्या लाल घागरींची रास. एक बाई प्रत्येक घागर बोटाने वाजवून बघत होती. सोबतची मुलगी, लेकच असणार, कंटाळून मोबाइलमध्ये. माहेरी आलेली लेक आणि आई, आखाजीच्या आदल्या संध्याकाळी. मी भाजी न घेताच परतले. घरी येऊन पिठलं टाकलं. स्वतःची कीव करायची तर पिठल्यासारखा पदार्थ नाही.

मग मामा आठवला.

आम्ही चाळीसगावात राहायचो आणि आईचं माहेर धुळ्याच्या वाटेवर, शिरूड स्टेशनावर उतरून पुढे बैलगाडीने. चाळीसगाव-धुळे गाडी, साठ किलोमीटरसुद्धा नाहीत, पण तेव्हा कोळशाचं इंजिन, खिडकीत बसलं की डोळ्यांत कण जायचा आणि आई पदराचं टोक पिळून तो काढायची. आखाजीच्या चार-पाच दिवस आधी मामा सकाळच्या गाडीने यायचा. मुऱ्हाळी म्हणून, म्हणजे आईला माहेरी न्यायला. डोक्याला ओला पंचा, हातात पिशवी, पिशवीत गावच्या कैऱ्या. आणि बंडीच्या खिशात कांदा. उन्हासाठी. तो कांदा घरात आल्याबरोबर काढून ओट्यावर ठेवायचा आणि परत जाताना न विसरता तोच उचलायचा. आम्हाला कांद्याचं फार हसू यायचं. एकदा भावाने त्याच्या जागी बटाटा ठेवला होता. मामाने तोही खिशात घातला, काही बोलला नाही. कळलं नव्हतं की कळूनही बोलला नाही, हे मला अजून समजलेलं नाही.

पाणी पिऊन झालं की म्हणायचा, "चाल वं बाई, माय वाट देखी ऱ्हायनी."

आई दरवर्षी जायची असं नाही, आणि दुपारपासून मी याच गोष्टीशी घोटाळतेय. कधी आमच्याकडची आजी अंथरुणाला खिळलेली, कधी घरात लग्न, कधी नुसतंच वडिलांना आवडायचं नाही. असलं वर्ष असलं की आई चुलीकडे तोंड करून म्हणायची, "यंदा नही जमत, दादा." मामा "बरं" म्हणायचा. जेवायचा. ओसरीवर पंचा अंथरून घटकाभर पडायचा. आणि उतरत्या उन्हात कांदा उचलून एकटा परत. आई दारात उभी राहायची ती तो कोपऱ्यावर वळेपर्यंत, आणि मग आत येऊन आमच्यापैकी कुणाच्या तरी पाठीत धपाटा घालायची, विनाकारण.

पण पुढच्या वर्षी मामा यायचाच. आई येणार नाही हे आधी माहीत असतानाही आला होता, एका वर्षी. मला आठवतं, कारण त्या वर्षी तो म्हणाला होता, "मंग पोरले धाडी दे," आणि आईच्या वाटची आखाजी मला मिळाली. सात-आठ वर्षांची असेन. निंबाच्या फांदीला बांधलेल्या झोक्याची दोरी इतकी जाड की मुठीत मावत नव्हती. मामी आणि गावच्या लेकी झोक्यावर उभ्या राहून गाणी म्हणत होत्या, पुरुष पारावर उघड उघड पत्ते कुटत होते, त्या दिवसांत कुणी कुणाला बोलायचं नाही. आणि सालदार नव्या सालाचं ठरवायला ओट्यावर येऊन बसलेला. मागच्या दारी उलट्या खापराखाली जाळ. आजीने पुरण भरलेला गोळा हाताहातावर खेळवत कोपरापर्यंत नेला, पोळी अशी लोंबली की आता फाटणार, आणि तिने ती खापरावर अलगद टाकली. माझा श्वास तिथेच अडकला होता. रसात बुडवून मी अर्धा मांडा खाल्ला आणि आईची आठवण येऊन रडले. मामी म्हणाली, "रडू दे, तिच्या मायच्या वाटचंबी रडू ऱ्हायनी ती."

खरं सांगायचं तर यंदा मी जाणारच नव्हते. रोजनिशीत तरी खोटं नको. बॅग काढली नव्हती, गाडी बघितली नव्हती. चाळीसगावला उतरून तो पुलाचा दादरा चढायचा म्हणजे काय, ते माझं मला ठाऊक. आज रात्री फोन करून "अरे, जमत नाही रे" म्हणायचं, त्याने "असं काय ताई" म्हणायचं, मी ऊन, गुडघा, यांचं पथ्य, सगळं सांगायचं, आणि मग त्याने नाइलाज म्हणून "बरं" म्हणायचं. असं मी मनात घोळवून ठेवलं होतं. त्याने माझं वाक्य आधीच घेतलं. "नाही जमत" हे बाईचं असतं. मुऱ्हाळ्याने फक्त "चाल" म्हणायचं असतं.

हे लिहिलं आणि बरं वाटलं. त्या भरात लेकीला पुण्याला काहीतरी पाठवावं म्हणून फोन उघडला, तर वर माझाच परवाचा मेसेज. "इकडे आग ओकतंय. तू काही दगदग करून येऊ नको. रस फ्रीजरला ठेवते." आणि खाली आंबा. तोच आंबा.

पाच मिनिटं नुसती बघत बसले. मी तो पाठवला तेव्हा माझ्या मनात काय होतं? काळजी होती. आणि तिच्या पोरासाठी दुसऱ्या खोलीतला कूलर दुरुस्त करावा लागणार, ते वाचलं, हेही होतं. म्हणजे वहिनीच्या घरातही एखादा कूलर असणार.

लेकीला फोन लावला. म्हटलं, "येतेस का गं? ये ना." ती म्हणाली, "अगं, तूच तर नको म्हणालीस!" मग जरा थांबून, "तसंही मी तिकीट काढलंच नव्हतं, आई. सुट्टी नाहीये." म्हटलं, बरं. पण विचारलं ना मी? "हो बाई, विचारलंस," म्हणाली आणि हसली. कुणावर गेलीय कोण जाणे.

मग भावाला उत्तर लिहिलं. तीनदा खोडलं. शेवटी पाठवलं ते असं: "बोलावलंस, फार बरं वाटलं रे. पण यंदा काही जमत नाही. गुडघा. डांगर पिकलेलं बघून घे."

निळ्या टिका लगेच आल्या. बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. मग आलं, "असं काय ताई."

अपडाउन करणाऱ्या कुणाच्या तरी हाती उद्या सकाळच्या गाडीने डबा येणार आहे, तो घ्यायला स्टेशनवर मलाच जायचंय. यांना उन्हाचं पथ्य. रुमाल भिजवून फ्रीजमध्ये ठेवलाय. पर्समध्ये कांदा टाकून ठेवला, आणि बटाटा नाही ना ते दिवा लावून एकदा बघून घेतलं.