पदराची गाठ

एखादी गोष्ट विसरू नये म्हणून माझी आजी पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवत असे आणि संध्याकाळी ती सोडताना, "अगंबाई, ही कशासाठी मारली होती बरं?" असे स्वतःलाच विचारत असे. आम्ही नातवंडे हसत असू. अडतिसाव्या वर्षी मला एडीएचडी, म्हणजे लक्ष आणि आवेग यांवर ताबा ठेवणे अवघड करणारी मेंदूची स्थिती, असल्याचे निदान झाले, तेव्हा सर्वांत आधी ती गाठ आठवली. या स्थितीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून तो साधारण ७० ते ८० टक्के निघतो. आजीचे निदान आता कोणी करू शकत नाही आणि करूही नये. मात्र, काहीतरी करायचे आहे एवढेच सांगायचे आणि काय करायचे ते सांगायचे नाही, हा त्या गाठीचा दोष माझ्या पहिल्या दहा-बारा उपायांतही जसाच्या तसा होता.

आमच्या घरात आधी मुलाचे निदान झाले. त्याच्याविषयीची प्रश्नावली भरताना निम्मी उत्तरे माझीच आहेत हे माझ्या लक्षात आले. मी तसे बोलून दाखवल्यावर मनोविकारतज्ज्ञांनी माझी शाळेतली प्रगतिपुस्तके मागवली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेनुसार यातली काही लक्षणे वयाच्या १२ वर्षांआधीपासून असावी लागतात आणि ती घर, शाळा, नोकरी अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. लक्ष न लागणे आणि अतिचंचलता असे लक्षणांचे दोन गट आहेत; प्रौढांच्या बाबतीत त्यांपैकी एका गटातल्या नऊपैकी पाच लक्षणे पुरतात, मुलांसाठी सहा लागतात. आईने माळ्यावरच्या ट्रंकेतून प्रगतिपुस्तके काढली. तिसरीपासून सातवीपर्यंत शेरा एकच होता: 'हुशार आहे, परंतु लक्ष नसते.'

लक्ष नसते हे खरे नाही; ते हवे तिकडे वळवता येत नाही, एवढेच खरे. मी जमिनीच्या कागदपत्रांचे भाषांतर करते आणि एखाद्या जुन्या खरेदीखतातल्या एका शब्दापायी सहा तास जागची हलत नाही, परंतु दोन मिनिटांत भरता येण्याजोगे विजेचे बिल टेबलावर पडून राहते आणि शेवटी दंडासह भरावे लागते. कामाचे नियोजन करणे, चालू कामापुरत्या गोष्टी डोक्यात धरून ठेवणे आणि कंटाळवाण्या कामाला हात घालणे या मेंदूच्या पुढच्या भागावर अवलंबून असलेल्या क्रिया इथे नीट साधत नाहीत. काय करायचे हे ठाऊक असते, पण ते ऐन वेळी हाताशी येत नाही. म्हणूनच काम जिथे आणि ज्या क्षणी करायचे असते, तिथेच मदत ठेवली पाहिजे, असे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कले सांगतात. मला उपयोगी पडलेले जवळजवळ सगळे उपाय या एका वाक्यात बसतात.

आमच्या घरात आता छत्री दाराच्या कडीलाच अडकवलेली असते. डाळी आणि कडधान्ये पारदर्शक बरण्यांत आहेत, कारण स्टीलच्या डब्यात गेलेली मटकी माझ्या दृष्टीने जगातून गेलेली असते. फ्रीजच्या तळाच्या कप्प्यात पूर्वी कोथिंबिरीच्या जुड्या काळ्या पडत. आता त्या कप्प्यात थंड पेयांच्या बाटल्या आहेत आणि भाजी डोळ्यांसमोरच्या फळीवर आहे. गोळ्यांसाठी सात वारांची डबी चहाच्या डब्याला टेकून ठेवली आहे, कारण माझी खरी पंचाईत गोळी विसरण्याची नसून ती घेतली की नाही हे न आठवण्याची होती. मोबाइलवरची चार-पाच अॅप्स वापरून झाल्यावर मी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे परतले. आई त्यावर दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख आणि गिरणीत टाकलेले दळण लिहीत असे. मोबाइल उघडला की मी दुसरीकडेच पोचते; भिंत मला कुठेही नेत नाही.

वेळेचे दुखणे याहून अवघड आहे. मला 'आत्ता' कळते आणि 'आत्ता नाही' कळते. मधल्या वेळाला आकारच नसतो. अंघोळीला दहा मिनिटे लागतात अशी माझी अनेक वर्षे पक्की समजूत होती. एक आठवडा घड्याळ लावून मोजले, तेव्हा सरासरी २७ मिनिटे निघाली. पुण्याहून सकाळी सव्वासातला सुटणारी डेक्कन क्वीन मी दोनदा चुकवली आहे आणि दोन्ही वेळा मी पाचलाच उठलेली होते. आता आदल्या रात्री मी कागदावर उलटे मोजते: सात वाजता फलाटावर, सव्वासहाला रिक्षात, सहा वाजून पाच मिनिटांनी चपला पायात. गजरांनाही मी नुसती वेळ न देता कृतीची नावे देते. 'चपला घाल' असे लिहिलेला गजर वाजला की निदान कशासाठी वाजतो आहे ते कळते. आजीच्या गाठीत नेमके हेच राहून जात असे. न्हाणीघरासकट प्रत्येक खोलीत काट्यांचे घड्याळ आहे. काट्यांच्या घड्याळात उरलेला वेळ डोळ्यांना दिसतो, आकड्यांच्या घड्याळात तो मनात वजाबाकी करून काढावा लागतो आणि तेवढ्यात मी भरकटते.

औषधाविषयी थोडक्यात सांगते. मला मेथिलफेनिडेट सुरू आहे. ते मेंदूतील डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन या रसायनांच्या पातळीवर काम करते, त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी अनिवार्य असते आणि नाडी व रक्तदाब तपासत राहावे लागते. दुसऱ्याच्या अनुभवावरून ते घेण्याचा वा न घेण्याचा निर्णय कोणी करू नये. माझ्या बाबतीत सुरुवात करणे त्याने सोपे झाले. मात्र कशाची सुरुवात करायची हे गोळी ठरवत नाही, आणि पहिल्या महिन्यात त्या उत्साहाच्या भरात मी दोन दिवस खर्चून पुस्तकांचे कपाट रंगांनुसार लावले होते.

प्रत्येक उपायाला मुदत असते, हे पचवायला मला सर्वांत जड गेले. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या सात डायऱ्या माझ्याकडे आहेत आणि प्रत्येकीत जेमतेम तीन आठवड्यांचा मजकूर आहे. पूर्वी मी याला चिकाटीचा अभाव म्हणत असे. आता नावीन्य संपले की युक्ती बदलायची असे आधीच धरून चालते, आणि आठवी डायरी घेताना अपराधी वाटून घेत नाही. घरच्यांना मात्र ती अजूनही उधळपट्टीच वाटते.

एकच युक्ती दोन वर्षे टिकली आहे. हिशेब किंवा कराची कागदपत्रे असे नकोसे काम असले की मला शेजारी कोणीतरी बसलेले लागते. त्या माणसाने मदत करायची नसते, काय झाले ते विचारायचेही नसते. नुसते हजर राहायचे असते. सासूबाईंना हे प्रथम सांगितले, तेव्हा त्या बुचकळ्यात पडल्या. "म्हणजे मी नक्की काय करू?"

"काही नको, आई. नुसत्या बसा."

"नुसतं कसं बसू गं? मेथी आण, निवडते."

तेव्हापासून आमच्याकडे कराच्या कागदांना मेथीचा वास असतो. हा मजकूरही असाच लिहिला. मघाशी त्यांनी निवडलेल्या पानांची चाळणी बाजूला सारली आणि अजून किती वेळ लागेल असे विचारले. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून अकरा मिनिटे असे सांगितले. "मग लसूण दे सोलायला," त्या म्हणाल्या.