यात तू काय केलंस?

माझी पोर्टफोलिओ साइट, म्हणजे माझी डिझाइनची कामं दाखवणारी वेबसाइट, काल रात्री ताईला पाठवली होती. ती तिच्या ऑफिसात डिझायनरांच्या मुलाखती घेते. आज सकाळी एसटीत बसल्या बसल्या तिने ती मोबाईलवर बघितली आणि फोन करून एवढंच म्हणाली, "दिसतंय छान गं, पण यात तू काय केलंस?"

साइटवर त्याचं उत्तर कुठेच नव्हतं.

मग दिवसभर तेच. १४ कामांतली ३ ठेवली. प्रत्येकाखाली अडचण काय होती, माझा वाटा किती, पहिला आराखडा का फसला, ते लिहिलं. त्यासाठी जुन्या वह्या काढल्या, खाडाखोड केलेल्या स्केचचे फोटोही टाकले. मला आता तीच पानं सगळ्यात जवळची वाटतात.

फिकट करडी अक्षरं गडद केली. वाचनसुलभतेच्या निकषांत साध्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट (अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक) लागतो, माझा २.८ भरत होता! मराठीसाठी मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या गटाचा 'मुक्ता' फॉन्ट घेतला. रफार, मात्रा छोट्या पडद्यावरही स्वच्छ दिसतात. जड फोटो वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात बदलले, सगळं गिटहब पेजेस या साइट ठेवायच्या सेवेवर चढवलं. तिथे पैसे पडत नाहीत.

ताईला पुन्हा लिंक पाठवली आहे. नोकरीचा पहिला अर्ज उद्या सकाळी.