ठेवला तेव्हा चालू होता

"ठेवला तेव्हा चालू होता." जुना कॉम्प्युटर माळ्यावरून खाली उतरतो तो या वाक्यासकट, आणि वाक्य बहुतेक वेळा खरंच असतं. ठेवला कधी, एवढंच कुणी सांगत नाही. कुठे टायपिंगचा क्लास बंद होतो, कुठे डीटीपीचं दुकान आवरतं, कुठे शाळेची नवी इमारत होते. मग भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढलेले बारा-पंधरा पिवळट डबे कुणीतरी हळवा माणूस परत उतरवून घेतो. भंगारात त्यांचा भाव किलोवर, हे त्याला बघवत नाही. पंधरा दिवसांत त्याच्याही पलंगाखालची जागा संपते. आता या पोरांना स्थळं बघायला हवीत.

स्थळ बघायचं तर पत्रिका हवी, म्हणजे कुठल्या डब्यात काय चालतं, काय बिघडलंय याची नोंद; आणि घोटाळा होतो तो नेमका इथे. पत्रिका करायची म्हणून प्रत्येक जण आधी प्लग लावतो. आधी लावायचा असतो स्क्रू-ड्रायव्हर. 286, 386 आणि सुरुवातीच्या 486 या जुन्या पीसींच्या मदरबोर्डवर, बहुधा की-बोर्डच्या सॉकेटजवळ, बोटाच्या पेराएवढी एक निळी नळकांडी असते: 3.6 व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी. ती गळते. हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर ती बुरशी नसून गळलेल्या अल्कलीचं काम असतं. तिथे खाण्याचा सोडा चोळणारे पुष्कळ भेटतात. सोडा आम्लावर चालतो. अल्कलीला पांढरं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लागतो. तो कापसाने लावावा, मग डिस्टिल्ड वॉटर, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पंख्याखाली एक अख्खा दिवस. त्यानंतर मल्टिमीटर घेऊन की-बोर्ड सॉकेटपासून निघणारा एकेक ट्रॅक, म्हणजे बोर्डावरची तांब्याची रेघ, तपासावा, कारण तांबं खाल्लं गेलं असेल तर ते वरच्या हिरव्या थराखाली दिसत नाही. बॅटरी मात्र गळलेली असो वा नसो, कापून टाकायचीच. त्यात दयामाया नको.

मग पॉवर सप्लाय. मागच्या बाजूला लाल सरकता स्विच असेल तर तो 230 वर आहे ना, हे दोनदा बघावं. परदेशातून कुणा भाच्याने आणलेला डबा 115 वर असतो, आणि आपल्या सॉकेटमध्ये जाताच त्याची दिवाळी साजरी होते. जुन्या एटी घाटाच्या (286-386 च्या काळातल्या) सप्लायमधून मदरबोर्डला सहा-सहा तारांचे दोन कनेक्टर जातात, पी-8 आणि पी-9. ते उलटसुलटही बसतात. नियम एकच: काळ्या तारा मधोमध, एकमेकींना खेटून. चुकलं तर बोर्ड गेला. तसंच, नुसता सप्लाय टेबलावर ठेवून 'पंखा फिरत नाही, म्हणजे मेला' असा निकाल देऊ नये. पुष्कळसे एटी सप्लाय 5 व्होल्टच्या वाटेवर काही भार असल्याशिवाय सुरूच होत नाहीत. एखादी बाद हार्ड डिस्क लावली तरी काम भागतं.

भारतात 1984 साली सुरू झालेल्या 'क्लास' प्रकल्पातून शाळांत बीबीसी मायक्रो आले. 2 मेगाहर्ट्झचा 6502 प्रोसेसर आणि 32 के रॅम पोटात घेतलेला तो दणकट की-बोर्ड अजून एखाद्या प्रयोगशाळेच्या कपाटात निघतो. त्याच्या सप्लायमध्ये पिवळसर पारदर्शक कवचाचे कागदी कॅपॅसिटर असतात. कवचाला बारीक तडे जातात, कागद हवेतली ओल पितो आणि चालू केल्यावर थोड्या वेळाने पांढऱ्या धुराचा लोट निघतो. गंमत म्हणजे मशीन त्या धुरातही चालूच राहू शकतं. घरात वास मात्र दोन दिवस मुक्कामाला. त्याच मूल्याचे एक्स-2 दर्जाचे (थेट मेन्स विजेवर चालणारे) पॉलिप्रॉपिलीन कॅपॅसिटर आधीच बसवले की भानगड नाही. पुण्यात तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतात.

पुण्याचंच म्हणायचं तर डेसिबेल्सचा डीबी स्पेक्ट्रम. 1986 च्या सुमारास आलेला, सिंक्लेअर स्पेक्ट्रम प्लसचा परवान्याने बनवलेला इथला भाऊ. याच्या बाबतीत एक गोष्ट ठळक लिहून द्यावी: 9 व्होल्टच्या ॲडॅप्टरची मधली पिन ऋण असते. घरातल्या राउटरचा ॲडॅप्टर त्यात बसतो, पण त्याची मधली पिन धन असते, आणि चाळीस वर्षं तगलेलं मशीन क्षणात जातं. उघडताना झाकण झटक्यात उचलू नये. की-बोर्डच्या दोन पातळ पट्ट्या बोर्डात खोचलेल्या असतात आणि वयोमानाने पापडासारख्या तुटतात. नवी मेंब्रेन, म्हणजे बटणांखालचा तो पातळ पडदा, मिळते, म्हणून "काही बटणं चालत नाहीत" एवढं लिहून दिलं तरी घेणारा पळून जात नाही.

डब्यांचा पिवळेपणा हायड्रोजन पेरॉक्साइड आणि उन्हाने उतरवायची हौस अनेकांना असते. देण्याआधी तो उद्योग करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. पिवळेपणा परत येतो, आणि मुलगी दाखवायच्या आधी पावडर थापल्यासारखं ते दिसतं.

हार्ड डिस्कमध्ये कुणाच्या तरी दवाखान्याच्या नोंदी, पतपेढीचे खातेउतारे असतात. मूळ मालकाला प्रत द्यावी, मग डिस्क शून्यांनी भरून काढावी. नुसतं फॉरमॅट पुरत नाही. सीगेट एसटी-225 सारख्या 20 एमबीच्या जुन्या डिस्क हलवण्याआधी 'पार्क' कमांड द्यायला विसरू नये. त्यांचं डिस्क वाचणारं हेड आपणहून बाजूला सरकत नाही, आणि रिक्षातला एक खड्डा पुरतो. फ्लॉपीवर पांढरे ठिपके दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालू नये. पावसाळ्यात धरलेली बुरशी हेडला लागते आणि पुढच्या दहा फ्लॉप्या त्याच हेडखाली खरवडून निघतात.

आता घेणारे. माणूस ओळखावा त्याच्या पहिल्या प्रश्नावरून. "गेम चालतात का?" विचारणारा वाईट नसतो, पण महिनाभराने डबा पुन्हा माळ्यावर, फक्त दुसऱ्याच्या. "बॅटरी काढली का?" विचारणाऱ्याला डोळे मिटून द्यावं. "सगळेच द्या, किती आहेत?" म्हणणाऱ्याला एकही देऊ नये, रविवारी जुन्या बाजारात चादरीवर त्यांची पुन्हा गाठ पडते. अगदी फुकटही देऊ नये. शंभर रुपये का होईना, घ्यावेत; पैसे मोजलेली वस्तू माणूस घरात जरा वर ठेवतो.

सगळ्यांत भक्कम स्थळ निघतं ते एमआयडीसीत. भोसरी-चाकणच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये जुनं सीएनसी (कॉम्प्युटरने चालणारं कटाईचं) मशीन अजून डॉसवरून, म्हणजे विंडोजच्या आधीच्या यंत्रणेवरून, आरएस-232 या जुन्या सीरियल केबलने प्रोग्रॅम घेतं. यूएसबीचा जोड लावला की काही मशीनं मध्येच अडखळतात: "थांब" असा निरोप मशीनकडून उशिरा पोहोचतो, बफर भरतो, चार ओळी गळतात आणि जॉब वाया. त्यांना आयसा स्लॉट (जुनी कार्डं खोचायची खाच) आणि खरा सीरियल पोर्ट असलेला पेन्टियम हवा असतो. तो कसा दिसतो, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. दिसण्याशी देणंघेणं असतं ते मालिका-चित्रपटांच्या कलाविभागाला. बॅटरीने आतून पोखरलेला, बाहेरून देखणा 486 त्यांच्याकडेच द्यावा. ऑफिसच्या सीनमध्ये तो मरेपर्यंत नोकरी करतो.

एखाद्या डब्यात सीडॅकचं जिस्ट कार्ड निघालं तर मात्र थांबावं. डॉसच्या पडद्यावर देवनागरी आणणारं हे कार्ड सुटं विकायचा मोह होतो. कार्ड, मशीन आणि फ्लॉप्या एकत्रच राहू द्याव्यात. आयस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतातल्या फायली युनिकोडमध्ये आणणं सोपं आहे. पुढच्या विंडोज फॉन्टांतला मजकूर जास्त छळतो, कारण प्रत्येक फॉन्टचा सांकेतिक घोळ वेगळा. डीटीपीच्या मशीनमागे प्रिंटरच्या पोर्टला बोटाएवढा ठोकळा असेल तर तो 'लॉक'. तो कचरा समजून फेकला की सॉफ्टवेअर उघडतच नाही.

पिक्चर ट्यूबचे मॉनिटर कुरिअरने पाठवू नयेत. नेणाऱ्याने स्वतः यावं, काच खाली करून जाड फोमवर ठेवून न्यावा. वजन सगळं काचेत आणि मागची मान नाजूक. ज्यांना कुणीच विचारत नाही ते नोंदणीकृत ई-कचरावाल्याकडे, कारण त्या काचेत शिसं असतं. भंगारवाला ती गल्लीच्या तोंडाशी फोडतो.

निघण्यापूर्वी झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवावी: काय बदललं, कुठला जंपर (बोर्डावरच्या पिना जोडणारी टोपी) कुठे, काय बिघडलेलं आहे. बॅटरी काढल्यामुळे सेटअप दर वेळी कोरा होतो, म्हणून हार्ड डिस्कचे आकडेही लिहावेत. एसटी-225 असेल तर 615 सिलिंडर, 4 हेड, 17 सेक्टर. पेन्सिलने, कारण बॉलपेनची शाई चार पावसाळ्यांत पसरते.