आंब्याची पेटी शेडात मुक्कामाला नको

हातखंब्याच्या तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्गाला रत्नागिरीचा रस्ता मिळतो. हंगामात आजूबाजूच्या बागांतून पिकअप येतात आणि पुढे वाशी, पुणे, कोल्हापूर अशी वाटणी होते. इथल्या शेडचं गोदाम करू नये. झाडावरून उतरवलेल्या हापूसचा श्वास चालूच असतो, त्याची ऊब पेटीत कोंडते. रात्रभर तापल्या पत्र्याखाली थप्पी राहिली की मधल्या पेट्या आधी पिकतात आणि बाजारात एकाच लॉटमध्ये हिरवं-पिवळं फळ निघतं. म्हणून क्रॉस-डॉकिंग: माल एका बाजूने उतरवायचा, वाटायचा, दुसऱ्या बाजूने चढवायचा.

यात खरी मेख एकच. पेटीच्या आधी पेटीचा हिशेब शेडवर पोचला पाहिजे. गाडी बागेतून निघतानाच मार्का (पेटीवरची बागायतदाराची खूण), नग, डझन, अडत्याचं नाव आणि त्याचा बाजारातला गाळा नंबर व्हॉट्सॲपवर यावा. पाच डझनी पेटीत २५० ग्रॅमचं फळ धरलं तर नुसता आंबा १५ किलो, लाकूड-गवत वेगळं. या हिशेबावरूनच कुठल्या दिशेला किती मोठा ट्रक लावायचा ते दुपारीच ठरतं. हिशेब मागाहून आला तर हमाल पेट्या मिळेल तिथे टेकवतात, मग त्याच पेट्या दोनदा उचलाव्या लागतात. आंब्याला मार बसतो तो बहुतेक इथेच.

शेडच्या जमिनीवर माल जायच्या गावानुसार रंगाचे पट्टे मारावेत. पिकअपमधला सगळा माल एकाच दिशेचा असेल तर जमिनीला लावूच नये. फाळक्याला (गाडीच्या मागच्या झडपेला) फाळका भिडवून थेट चढवावा. मार्का पेटीच्या दोन्ही तोंडांवर हवा, नाहीतर थप्पीत तो नेमका आत जातो.

भरताना शेवटी उतरायचा माल आधी आत. आंबा घाटातून कोल्हापूर करून पुण्याला जाणाऱ्या ट्रकात पुण्याच्या पेट्या केबिनकडे, कोल्हापूरच्या फाळक्याकडे. लाकडी पेट्या खाली, पुठ्ठ्याचे खोके वर. रांगांमध्ये वाऱ्याला वाट ठेवावी आणि ताडपत्री बाजूंनी गच्च आवळू नये. अवकाळी पावसाची चिन्हं असली तरच ती खाली ओढावी.

ट्रक सुटायची वेळ पक्की हवी. एका उशिरा आलेल्या पिकअपसाठी भरलेली गाडी थांबवली तर सगळ्यांचाच माल सकाळच्या लिलावाला मुकतो, आणि हे बागायतदारांना हंगामाआधीच स्पष्ट सांगावं. मागे राहिलेल्या पेट्या वाऱ्याच्या बाजूला सुट्या मांडाव्यात, मालकाला त्याच रात्री फोन करावा आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीत त्याच चढवाव्यात.