माझा अनुभव : गेमिंग पीसीचा एसएमपीएस निवडताना वॉट सगळ्यात शेवटी पाहिले

प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम, मॉनिटर ठरला की बजेटमध्ये जे काही उरेल त्यात एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज पीसीच्या भागांना पुरवणारा डबा, बसवायचा, अशी बहुतेकांची रीत. नाशिकमध्ये नवीन गेमिंग पीसी जुळवताना मी हा क्रम उलटा केला. एसएमपीएस आधी ठरवला, आणि तो ठरवताना खोक्यावरचा वॉटचा आकडा शेवटी पाहिला. आधी भिंतीतलं सॉकेट तपासलं, मग इन्व्हर्टर, मग १२ व्होल्टची लाइन. कार्ड जळालं तर त्याची वॉरंटी तरी मागता येते. पण खराब एसएमपीएस एकटा जात नाही, जाताना मदरबोर्ड आणि एसएसडीही सोबत नेऊ शकतो.

सुरुवात मल्टिमीटरने केली. एसी व्होल्टवर ठेवून तीन मापं घ्यायची. माझ्याकडे फेज-न्यूट्रल २३४, फेज-अर्थ २३१ आणि न्यूट्रल-अर्थ ३ च्या आत आलं. हे ठीक. फेज-अर्थचं माप बरंच कमी किंवा वरखाली होत असेल तर अर्थिंग नावालाच आहे असं समजावं. सवय नसेल तर हे काम वायरमनकडून करून घ्या, पण करून घ्याच. पंचवटी, जुनं नाशिक भागातल्या वाड्यांत तीन पिनांचं सॉकेट दिसतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते, असं अनेकदा निघतं. शिवाय आपल्याकडे खाली काळा पाषाण; अर्थिंगचा खड्डा चैत्र-वैशाखात कोरडाठाक पडतो. त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायची जुनी पद्धत अगदी शास्त्राला धरून आहे.

अर्थ नसेल तर काय होतं? एसएमपीएसमध्ये वीज शिरते तिथेच एक फिल्टर असतो. त्यातले दोन छोटे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर ती किरकोळ गळती जमिनीत निघून जाते. नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्यावर निम्मा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दिसतो. करंट नगण्य असतो, तरी पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, आणि मॉनिटरची एचडीएमआय केबल खोचताना तोच दाब पोर्टवर येतो. एसएमपीएस कितीही महागडा घेतला तरी हा दोष तो झाकू शकत नाही.

दुसरी गोष्ट इन्व्हर्टरची. देखभालीसाठी वीज बंद असो की पहिल्या वळवाच्या पावसात गेलेली असो, पीसी इन्व्हर्टरच्या लाइनवर असेल तर प्रश्न एकच : बदल व्हायला किती मिलिसेकंद लागतात? यूपीएस मोडमध्ये साधारण १० ते १५, ईको मोडमध्ये त्याहून बरेच जास्त. आणि मधल्या रिकाम्या क्षणात एसएमपीएस तग किती धरतो? एटीएक्स ३.० या एसएमपीएसच्या मानकाच्या हिशेबाने पूर्ण लोडवर १२ मिलिसेकंद आणि ८० टक्के लोडवर १७ मिलिसेकंद. हा तग आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये साठलेल्या विजेवर चालतो, म्हणजे लोड कमी तर तग जास्त. ७५० वॉटचा एसएमपीएस ६०० वॉटवर १७ मिलिसेकंद काढत असेल, तर ४५० वॉटवर २२ च्या आसपास काढेल. थोडा मोठा एसएमपीएस घेण्याचं हे कारण मला सगळ्यात पटलं. एरवी 'पुढेमागे अपग्रेड करू' एवढ्यासाठी हजार वॉटचा घेणं म्हणजे पैसे अडकवणं आहे.

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे चौकोनी लाटेची वीज देणारा, असेल तर त्यावर गेमिंग पीसी चालवू नये. आजकालच्या चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून करंट नीट ओढणारं सर्किट) असतं, ते साइन वेव्हची अपेक्षा धरून काम करतं. चौकोनी लाटेवर कधी गुणगुणतं, कधी पीसी सरळ रिस्टार्ट होतो. वेगळा यूपीएस घ्यायचा तर व्हीए आणि वॉट यांत गल्लत करू नका. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. गेम चालू असताना वीज गेली की तो ओव्हरलोडची शिट्टी मारून बंद पडतो, आणि दोष एसएमपीएसच्या माथी येतो.

आता लोडचा हिशेब. माझी यादी : आरटीएक्स ५०७० टीआय, रायझन ७ ७८०० एक्स३डी, ३२ जीबी रॅम, एक एनव्हीएमई एसएसडी, एक जुनी हार्ड डिस्क, सहा पंखे. कार्डचे ३०० वॉट. प्रोसेसरवर १२० लिहिलेलं असतं, पण ती उष्णतेच्या हिशेबाची संख्या. सॉकेटमधून तो १६२ वॉटपर्यंत घेऊ शकतो, म्हणून १६२ धरले. बोर्ड आणि रॅमला ५०, दोन्ही ड्राइव्हला १६, पंख्यांना १५, यूएसबीवरच्या कीबोर्ड-माउस-हेडसेटला १२. बेरीज ५५५. प्रत्यक्ष गेममध्ये हा प्रोसेसर कमाल आकड्याच्या निम्म्यापर्यंतही क्वचित जातो, त्यामुळे चालू खेळात ४५० च्या आसपास. एनव्हिडिया या कार्डसाठी ७५० वॉटचा एसएमपीएस सुचवते, आणि ४५० म्हणजे त्याच्या ६० टक्के. पंखा शांत, कार्यक्षमता चांगली, तगही पुरेसा. हिशेब इथे जुळला.

पण '७५० वॉट' हे शब्द काहीच सांगत नाहीत. एसएमपीएस आडवा धरून त्याच्या कुशीवरचं लेबल वाचायचं. त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर किती? ६२.५ असेल तर १२ ने गुणून बरोबर ७५०. सगळी ताकद १२ व्होल्टवर आहे. कार्ड आणि प्रोसेसर दोघेही तिथूनच खातात. याउलट एका दुकानात कॅबिनेटसोबत 'फ्री' मिळणारा एक एसएमपीएस पाहिला. वर ठळक अक्षरांत ५०० वॉट, आणि लेबलवर १२ व्होल्टला २० अँपिअर. म्हणजे खरे २४० वॉट. बाकीचा आकडा ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइनी फुगवून जमवलेला, ज्यांची आजच्या पीसीला फारशी गरज उरलेली नाही. हातात घेतला तर जेमतेम वजन. वजनावरून दर्जा ठरत नाही हे खरं, पण इतकं हलकं असेल तर आत हीटसिंक आणि कॉइल कमी आहेत एवढं नक्की कळतं.

एटीएक्स ३.० किंवा ३.१ का हवा, याचं कारण कार्डच्या झटक्यात आहे. ३०० वॉटचं कार्ड सतत ३०० घेत नाही. मायक्रोसेकंदांच्या हिशेबात ते मध्येच कितीतरी वर उडी मारतं. जुन्या एसएमपीएसला ती उडी शॉर्टसारखी वाटते आणि संरक्षण म्हणून तो बंद होतो. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० ने अशा एसएमपीएसना १०० मायक्रोसेकंद दुप्पट लोड झेलण्याची अट घातली. गेम ऐन रंगात असताना पीसी कडक बंद होतो आणि दुसऱ्या क्षणी काहीच न झाल्यासारखा चालू होतो, या तक्रारीच्या मुळाशी बऱ्याचदा हेच असतं.

त्यासोबत कार्डला वीज देणारा कनेक्टर आला. ३.१ मधल्या १२व्ही-२x६ कनेक्टरमध्ये सेन्सच्या (प्लग बसल्याचं ओळखणाऱ्या) पिना आखूड केल्या आहेत, म्हणजे प्लग पूर्ण बसल्याशिवाय कार्ड पूर्ण वीज मागत नाही. १२ व्होल्टच्या सहा पिना असतात. ३०० वॉट म्हणजे २५ अँपिअर, प्रत्येक पिनेच्या वाट्याला चारच्या थोडं वर. प्लग तिरका बसून दोन पिना नीट टेकल्या नाहीत तर उरलेल्या चारांवर सव्वासहा येतात, आणि तापणं तिथून सुरू होतं. म्हणून अडॅप्टर न वापरता एसएमपीएसची स्वतःची केबल असलेलं मॉडेलच मी यादीत ठेवलं. केबल प्लगपासून निदान ३५ मिलिमीटर सरळ जायला हवी, तिथपर्यंत वळवायची नाही. स्टीलच्या पट्टीने कार्डाच्या कडेपासून कॅबिनेटच्या काचेपर्यंतचं अंतर मोजलं. एक आवडलेलं कॅबिनेट त्याच मापावर बाद झालं.

८० प्लसच्या बिल्ल्यावर लोक फार विसंबतात. ब्राँझ, गोल्ड हे फक्त कार्यक्षमतेचं माप आहे. संरक्षणं कशी आहेत, आवाज किती, कपॅसिटर कोणते, याबद्दल तो बिल्ला काहीच बोलत नाही. बिलातली बचतही मोजून पाहिली. ४५० वॉटच्या लोडला ब्राँझ भिंतीतून साधारण ५१७ ओढेल, गोल्ड ४९५. फरक २२ वॉट. रोज चार तास धरले तर वर्षाला ३२ युनिट. युनिटला १२ रुपये धरा, ३८४ रुपये झाले. एवढ्यासाठी कोणी गोल्ड घेऊ नये. गोल्ड घ्यायचा तो वेगळ्या कारणाने : त्या वर्गात बहुधा आतली रचना चांगली असते आणि उष्णता कमी पडते. खरी पारख करायची तर सायबेनेटिक्स या संस्थेचे अहवाल पाहावेत. त्या चाचण्या ११५ आणि २३० व्होल्ट अशा दोन्हींवर होतात आणि आवाजाचा दर्जाही वेगळा देतात.

आवाज आणि उष्णता या गोष्टी इथे एकमेकींत अडकलेल्या आहेत. मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशी ओलांडतो. स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत कॅबिनेटच्या आतली हवा त्याहून गरम. म्हणून स्पेसिफिकेशनमध्ये 'पूर्ण वॉट कोणत्या तापमानाला' हे शोधलं. काही ४० अंशांवर देतात, काही ५० वर. आपल्याकडे ५० वालाच. कपॅसिटर १०५ अंशांचे हवेत. तापमान १० अंशांनी उतरलं की त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि चढलं की निम्म्यावर येतं. कमी लोडवर पंखा पूर्ण थांबवणारी सोय असेल आणि तिचं बटण असेल, तर उन्हाळ्यात ते बंद ठेवून पंखा हळू फिरता ठेवलेला बरा.

खरेदीच्या वेळी एम. जी. रोड आणि कॅनडा कॉर्नरच्या दुकानांत भाव विचारले, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचेही फोनवर घेतले. फरक शे-पाचशेचा. तेवढ्यासाठी मुंबईहून मागवला नाही, कारण पहिल्या आठवड्यात काही निघालं तर समोर जाऊन बदलून घेता येणं जास्त मोलाचं आहे. शेवटच्या यादीत दोन उरले : कॉर्सेअर आरएम७५०ई, सात वर्षांची वॉरंटी, आणि सीसॉनिक फोकस जीएक्स-७५०, दहा वर्षांची. कॉर्सेअर घेतला, तो हातात लगेच मिळत होता म्हणून. बिलावर सीरियल नंबर लिहून घेतला आणि तो खोक्यावरच्या आणि एसएमपीएसवरच्या नंबराशी तिथेच काउंटरवर ताडून पाहिला.

बसवण्याआधी एक साधी चाचणी. २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये १६ नंबरची पिन १७ नंबरच्या ग्राउंडला छोट्या वायरने जोडली की एसएमपीएस एकटाच चालू होतो. हिरव्या-काळ्या वायरींवर जाऊ नका, आता सगळ्या काळ्याच असतात. क्लिपची बाजू पाहून पिना मोजा. वायर जोडताना मागचं बटण बंद हवं. १२ व्होल्टला ११.४ ते १२.६, ५ ला ४.७५ ते ५.२५ यांत आकडा आला की मृत नग नाही एवढं कळतं. लोडवरची परीक्षा पीसी जुळल्यावरच. ओसीसीटी या सॉफ्टवेअरची पॉवर चाचणी अर्धा तास चालवली, कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही एकदम ताणून, तीही दुपारी अडीच वाजता, खोलीतला पंखा-कूलर बंद ठेवून. नंतर इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, पाहिला. तिथे 'कर्नल-पॉवर ४१' दिसला की लोक लगेच एसएमपीएस बदलायला धावतात; त्याचा अर्थ एवढाच की विंडोज नीट बंद झालं नव्हतं. कारण रॅमपासून सॉकेटपर्यंत कुठेही असू शकतं.

जोडताना दोन ठिकाणी घाई नको. प्रोसेसरचा ८ पिनांचा प्लग ४ अधिक ४ असा फुटतो, कार्डचा जुना ८ पिनांचा ६ अधिक २. दिसायला जुळे, पण वायरींची दिशा उलटी. बसत नसेल तर जोर लावू नका. आणि हार्ड डिस्कला मोलेक्स या जुन्या चार पिनांच्या प्लगवरून साटा करणारा, प्लास्टिक ओतून बनवलेला स्वस्त अडॅप्टर लावू नका. त्यात आतल्या वायरी एकमेकींना टेकून आग लागल्याची उदाहरणं आहेत. एसएमपीएसची स्वतःची साटा केबल वापरा.

एसएमपीएस तळाला, पंखा खाली तोंड करून बसवला, खाली जाळी. कॅबिनेट सतरंजीवर नाही, लाकडी पाटावर ठेवलं, म्हणजे खालून हवा जाते. आजूबाजूला बांधकाम असेल तर ती जाळी दर पंधरवड्याला काढून झटकावी लागते.

उरलेल्या केबल एका पिशवीत घालून पिशवीवर मॉडेलचं नाव मार्करने लिहिलं आणि बिलासकट त्याच खोक्यात ठेवली. मॉड्युलर, म्हणजे एसएमपीएसपासून सुट्या होणाऱ्या, केबलचं कार्डाकडचं टोक सगळ्या कंपन्यांत सारखं असतं, एसएमपीएसकडचं नसतं. दुसऱ्या मॉडेलची केबल त्यात आरामात बसू शकते, आणि बटण दाबताच ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट एसएसडीत जाऊ शकतात.