निम्म्या टेबलांचा हिशेब

कोरोनाच्या टाळेबंदीनंतर ५ ऑक्टोबर २०२० पासून निम्म्या क्षमतेने ग्राहक बसवण्याची परवानगी मिळाली, तेव्हा नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या मिसळीच्या हॉटेलातील बारापैकी सहा टेबले आम्ही भिंतीशी रचून ठेवली. भाडे मात्र बाराही टेबलांचे भरत होतो. तारले ते पार्सलने, पण तर्री, मटकी आणि फरसाण वेगवेगळे बांधायला शिकेपर्यंत मिसळीचा लगदा झाल्याच्या तक्रारी पुष्कळ ऐकल्या. पदार्थ कमी केल्याने नासाडी घटली. उघड्या खिडक्यांमुळे शेगडीची ज्योत फडफडे आणि आचारी कुरकुरत, तरीही टेबले पुसण्यापेक्षा खेळती हवा मला महत्त्वाची वाटे. ताप आलेल्या कामगाराची हजेरी मी कापली नाही, कारण पगार जाण्याच्या भीतीनेच माणूस आजार लपवतो.