एसबीएस २०११ लॅब: बॅकअपच्या धड्यात पुस्तक नापास, मग काठावर पास

आज पहाटे सव्वातीनला सर्व्हर कन्सोलच्या बॅकअप टॅबवर हिरवी टिकमार्क उगवली. मी खुर्चीतून उठलो, खोलीत एक फेरी मारली, परत येऊन बघितलं, होती तिथेच. १० रात्री लाल फुली बघून बघून इतकी सवय झाली होती की आधी वाटलं चुकून दुसऱ्याच व्हीएमची (मशीनच्या आत चालणाऱ्या आभासी मशीनची) विंडो उघडलीये.

मागचं वाचलेल्यांना खेळ माहितीये. स्मॉल बिझनेस सर्व्हर (एसबीएस) २०११ स्टँडर्ड, म्हणजे छोट्या ऑफिसांसाठीचं मायक्रोसॉफ्टचं सगळं-एकात सर्व्हर पॅकेज, एका व्हीएममध्ये, नेटशी संबंध तोडलेल्या व्हीलॅनवर (वेगळ्या काढलेल्या नेटवर्कवर), आणि सोबत तो सेकंडहँड ठोकळा, म्हणजे याच सर्व्हरचं गाईडबुक. धडा वाचायचा, सांगितलंय तसंच करायचं, १० पैकी मार्क द्यायचे. (नेट का तोडलंय हे प्लीज परत विचारू नका, एसबीएसच्या खाली असलेल्या विंडोज सर्व्हर २००८ आर२ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपलाय, असलं मशीन नेटवर उघडं ठेवणं म्हणजे दार सताड उघडं टाकून गावाला जाणं.) आत्तापर्यंत पुस्तकाची गाडी जोरात होती. इन्स्टॉलला ८ दिले, क्लायंट जोडायच्या धड्याला ९, कारण ब्राउझरमध्ये नुसतं कनेक्ट टाइप केलं आणि विंडोज सेव्हनवाली व्हीएम पहिल्या फटक्यात डोमेनमध्ये (सर्व्हरच्या ताब्यातल्या मशीन्सच्या गटात). डीएचसीपीला (मशीन्सना आयपी पत्ते वाटणारी सेवा) तर पैकीच्या पैकी. तिथे पुस्तकाने ठळक चौकटीत सांगून ठेवलंय की राउटरचं डीएचसीपी चालू राहिलं तर हा सर्व्हर स्वतःचं डीएचसीपी गपचूप बंद करून बसतो. मी अर्थातच ते न वाचता पुढे गेलो, लॉगमध्ये इव्हेंट १०५३ आला, मागे पान उलटलं, तो नंबर तिथे छापलेला. अशा वेळी पुस्तकाला मिठी मारावीशी वाटते.

आणि मग आला बॅकअपचा धडा.

धडा दिसायला देखणा आहे. १४ पानं, विझार्डच्या प्रत्येक स्क्रीनचा फोटो, डिस्क निवडा, वेळ निवडा, नेक्स्ट नेक्स्ट फिनिश. डिस्क फॉरमॅट होईल आणि तिला ड्राइव्ह लेटर राहणार नाही, डिस्क गेली म्हणून घाबरू नका, हेही सांगितलंय, छान. पण हे १४ पानांचं पुराण फिनिश बटणापाशी संपतं. फिनिशनंतर रात्री लाल फुली आली तर काय, याला दीड परिच्छेद, आणि त्यातही 'इव्हेंट व्ह्यूअर तपासा'. अरे बाबा, तपासला ना.

पहिल्या ३ रात्री तर धड्याचा काही दोषच नव्हता, माझ्या यूएसबी डब्याचा (ज्यात डिस्क बसवतात तो) होता. डिस्क जोडली जाताना आय-ओ एरर यायची, मी केबल बदलली, पोर्ट बदललं, डिस्कला शिव्या घातल्या. शेवटी एफएसयूटिल ही कमांड चालवून बघितलं तर बाइट्स पर सेक्टर, म्हणजे डिस्कच्या एका तुकड्याचं माप, ४०९६. डिस्क गरीब बिचारी ५१२ च दाखवत होती, तो डबाच मध्ये बसून ४०९६ करून पुढे पाठवत होता, आणि २००८ आर२ च्या बॅकअपला तसली डिस्क चालतच नाही. मोठ्या डिस्क जुन्या विंडोजवर दिसाव्यात म्हणून काही डब्यांतली चिप हा उद्योग करते. विकणाऱ्याच्या पानावर यातलं अवाक्षर नव्हतं, नुसतं 'सुपर फास्ट, सर्व विंडोजवर चालतो'. माझं मत विचाराल तर लॅबसाठी डबा घेताना स्पीडबिड सोडा, आधी सेक्टर विचारा, आणि विकणाऱ्याला प्रश्नच कळला नाही तर घेऊ नका. जुना, मंद, कुरकुरणारा डबा काढला, ५१२ आले, डिस्क जोडली गेली, मी खूश.

चौथ्या रात्री परत फुली. पण या वेळी वेगळी. इव्हेंट ५२१, कोड २१५५३४८१२९. हा नंबर मला आता स्वतःच्या फोन नंबरपेक्षा जास्त पाठ आहे. अर्थ एवढाच की शॅडो कॉपी (डिस्कची त्या क्षणाची गोठवलेली प्रत) घेता आली नाही म्हणून बॅकअप झाला नाही. का घेता आली नाही ते सांगत नाही, म्हणजे तब्येत बरी नाही कारण ताप आहे, ताप का आहे ते विचारू नका.

पुस्तकाच्या इंडेक्समध्ये नंबर शोधला, नाही. 'शॅडो कॉपी' शोधलं तर युजरची डिलीट झालेली फाइल परत कशी आणायची ते पान. 'फेल्ड बॅकअप' शोधलं तर तोच दीड परिच्छेद. या टप्प्याला मी पेन्सिलने धड्याच्या डोक्यावर २/१० लिहिलं, जरा रागातच, पानावर ठसा उमटलाय.

मग आपले आपण. पहिला संशय सिस्टिम रिझर्व्ह्ड पार्टिशनवर. १०० एमबीचं ते पिल्लू, आणि ५०० एमबीपेक्षा लहान व्हॉल्यूमवर शॅडो कॉपीसाठी किमान ५० एमबी रिकामी लागते. बघितली, होती. तिथे २ रात्री गेल्या कारण मला खात्रीच होती की हेच असणार, म्हणून जागा असूनही तिची शॅडो स्टोरेज दुसऱ्या व्हॉल्यूमवर हलवून बघितली, उगाच. दुसरा संशय सी ड्राइव्ह भरल्याचा. भरत आलाच होता, डब्ल्यूएसयूएसच्या (विंडोज अपडेट वाटणाऱ्या सेवेच्या) साइटचे आयआयएस लॉग, म्हणजे वेब सर्व्हरच्या नोंदी, तेच ते लांबलचक नंबरवालं फोल्डर, एसबीएसवाल्यांना सांगायला नको. साफ केलं, बरंच वजन उतरलं, फुली मात्र तिथेच.

आठव्या रात्री सुचलं, जे पहिल्याच रात्री सुचायला हवं होतं. व्हीएसएसअ‍ॅडमिनला (शॅडो कॉपीची कमांड) रायटर्सची यादी विचारली. थोडक्यात सांगतो, शॅडो कॉपी घेण्याआधी विंडोज प्रत्येक मोठ्या सॉफ्टवेअरला म्हणतं की क्षणभर लिहिणं थांबव, आणि त्या प्रत्येकाचा एक रायटर असतो जो 'हो, थांबलो' म्हणतो. एसबीएसमध्ये एकाच मशीनवर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, एक्सचेंज, एसक्यूएल, शेअरपॉइंट अशी सगळी वरात असल्यामुळे यादी लांबलचक. वरून खाली सगळे स्टेबल, स्टेबल, स्टेबल, आणि मध्येच एक एसपीसर्च४, म्हणजे शेअरपॉइंटच्या सर्चचा रायटर, फेल्ड, रिट्रायेबल एरर. एकाने मान हलवली नाही की आख्खा बॅकअप गेला.

म्हणजे गुन्हेगार शेअरपॉइंट (ऑफिसची आतली वेबसाइट चालवणारं सॉफ्टवेअर), ज्याची कंपनीवेब साइट मी इन्स्टॉलच्या दिवशी एकदा उघडून 'अरे वा' म्हणून बंद केली होती ती आजतागायत. सर्व्हिस रीस्टार्ट केल्यावर रायटर स्टेबल दिसला, नाचलो, बॅकअप चालवला, परत फेल्ड. नववी आणि दहावी रात्र याच सुखदुःखात.

आता गंमत ऐका. दहाव्या रात्री वैतागून मी पुस्तक उघडलं ते बॅकअपसाठी नाही, पुढचा मायग्रेशनचा धडा सुरू करू आणि बॅकअपला नंतर बघू म्हणून. उघडताना पान सटकलं आणि उघडला अपडेट्सचा धडा, जो मी ३ आठवड्यांपूर्वी करून ७ मार्क देऊन मोकळा झालो होतो. तिथे डब्ल्यूएसयूएसच्या टेबलाखाली बारीक अक्षरात एक वाक्य: शेअरपॉइंट फाउंडेशनचे अपडेट नुसते इन्स्टॉल होऊन पूर्ण होत नाहीत, त्यानंतर पीएसकॉन्फिग (अपग्रेड पुरं करणारी कमांड) हाताने चालवावं लागतं, नाहीतर कंपनीवेब किंवा बॅकअप अडू शकतो.

किंवा बॅकअप. दोन शब्द! ज्या धड्यात बॅकअप अडतो तिथे नाहीत, जिथे अडायची सोय करून ठेवता तिथे आहेत, आणि इंडेक्समध्ये बॅकअपखाली त्या पानाचा उल्लेखही नाही. मीही शहाणाच, तेव्हा वाचून खाली पेन्सिलने रेघ मारलीये. रेघ माझीच आहे, हाताचं वळण ओळखीचं आहे, नाकारता येत नाही.

तर झालं असं की त्या अपडेट्समधल्या सर्व्हिस पॅकने शेअरपॉइंटच्या फाइल्स नव्या केल्या पण डेटाबेस जुन्याच अवतारात राहिले, आणि ते अर्धवट लग्न लागलेलं असल्यामुळे रायटर गडबडत होता. खात्री करायची असेल तर शेअरपॉइंटच्या मॅनेजमेंट शेलमध्ये सर्व्हरला नीड्सअपग्रेड विचारा, माझ्याकडे ट्रू आलं. मग कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडून, वेब सर्व्हर एक्स्टेन्शन्सच्या १४ नंबरच्या फोल्डरात बिनमध्ये जाऊन पीएसकॉन्फिग, अपग्रेड, इनप्लेस बी२बी, फोर्स, आणि पुढची ती लांब शेपटी. ४ पैकी ३ वर जाऊन इतका वेळ थांबलं की मी दोनदा कंट्रोल-सी वर बोट नेऊन मागे घेतलं. संपलं, नीड्सअपग्रेड फॉल्स, रायटर स्टेबल, बॅकअप लावला आणि झोपायचं नाटक केलं. सव्वातीनचं वर सांगितलंच.

आपल्या जमातीचा पहिला नियम काय, तर एसबीएसमध्ये विझार्ड सोडून कशाला हात लावायचा नाही. पुस्तकही दर धड्याला हेच घोकतं, आणि ९० टक्के वेळा ते खरंच आहे, हाताने आयपी किंवा कनेक्टर बदलणाऱ्यांचे हाल आपण बघितलेत. पण या एका कामाचं कन्सोलमध्ये बटणच नाही, आणि पुस्तकाची सगळी बुद्धी बटणांच्या क्रमाने लावलेली आहे. म्हणून माहिती असूनही सापडत नाही.

मार्कांचं काय करायचं मग? २ खोडून ५ केलेत, काठावर पास. पण लिहिता लिहिताच वाटतंय की माझी मार्क द्यायची पद्धतच बोगस आहे. सगळं सुरळीत चाललं की मी ८-९ वाटत सुटतो, आणि सुरळीत तर विझार्डनेच केलेलं असतं, पुस्तक नसतं तरी झालं असतं. डीएचसीपीला १० दिले ते कशाला, तर मोडलं तेव्हा नंबर सापडला म्हणून. मग सगळ्यांना तोच पेपर द्यायला हवा. म्हणजे प्रत्येक धडा झाला की स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची स्थिती, जिथे परत जाता येतं) घ्यायचा, काहीतरी मुद्दाम मोडायचं, आणि फक्त इंडेक्सवरून किती मिनिटांत उत्तर सापडतं ते घड्याळ लावून बघायचं. (स्नॅपशॉट व्हीएम बंद करून घ्या हं, आणि लॅबमध्ये एकच डीसी (डोमेन सांभाळणारा सर्व्हर) आहे म्हणून हे चाळे चालतात, दुसरा डीसी असला तर मागे जाणं महागात पडेल.) इन्स्टॉलचे ८ त्यामुळे स्थगित.

मायग्रेशन सध्या रद्द. तिथे जुना आणि नवा सर्व्हर एकत्र ठेवायला २१ दिवसांची मुदत मिळते, ती एकदा सुरू झाली की मला बाकी काही सुचणार नाही. त्याआधी रिस्टोर, कारण न उतरवलेला बॅकअप म्हणजे नुसती मोठी फाइल.

दुपारी नवी रिकामी व्हीएम करून बेअर मेटल रिस्टोर (रिकाम्या मशीनवर आख्खा सर्व्हर उतरवणं) लावला, आणि १० मिनिटांत नकार. डिस्क मूळ डिस्कपेक्षा ५ जीबीने लहान बनवली होती मी, आतला डेटा निम्माही नाही, तरी चालत नाही, मूळ डिस्कएवढी किंवा मोठीच लागते. नव्या पद्धतीप्रमाणे घड्याळ लावलं, इंडेक्समध्ये 'रिस्टोर', दुसरी नोंद, पान उघडलं, तिसऱ्या ओळीत उत्तर. ४० सेकंद. ठोकळ्या, मानलं तुला.

आत्ता दुसरा प्रयत्न ६२ टक्क्यांवर आहे. नव्या व्हीएमचं नेटवर्क कार्ड वेगळं असल्यामुळे स्टॅटिक आयपी जुन्या कार्डाच्या भुताकडेच अडकलेला असणार, सर्व्हर उठल्यावर आधी फिक्स माय नेटवर्क हा विझार्ड चालवायचाय. त्याचं पान मी आत्ताच शोधून ठेवणार होतो, पण मग घड्याळाला अर्थ नाही, म्हणून पुस्तक बंद करून उशीखाली ठेवलंय.